अ‍ॅप की वेबसाइट? मराठवाड्यातल्या धंद्यासाठी मोबाईल वेबची निवड, पायरी-पायरीने

अ‍ॅप काढायचं की वेबसाइट, हा प्रश्न बहुतेक व्यावसायिक सगळ्यात आधी विचारतात. तो विचारायचाच आहे, पण त्याचा नंबर तिसरा लागतो. आपलं गिऱ्हाईक कोण आणि हातातल्या फोनवर त्याला नेमकं काय करायचंय, हे आधी ठरवलं की निम्मं उत्तर तिथंच मिळतं. ते न ठरवता कर्ज काढून अ‍ॅप बनवून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. ते पैसे मालात घातले असते तर धंदा वाढला असता, ही हळहळ मला प्रत्येक वेळी वाटते. म्हणून हा लेख.

धंदा चालू आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे, पण इंटरनेटवर आपलं म्हणून काही नाही, अशांसाठी हे लिहितोय. लातूरच्या गंजगोलाईतला कापड दुकानदार असो, वसमतचा हळद व्यापारी, भूमचा खवा-पेढेवाला किंवा वाळूज एमआयडीसीत सुटे भाग करणारा कारखानदार, पायऱ्या सगळ्यांना त्याच आहेत. उत्तरं मात्र प्रत्येकाची वेगळी येतात.

पहिली पायरी: गिऱ्हाईक फोनवर काय शोधतंय

गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि पंधरा दिवस येणाऱ्या प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न त्यात लिहा. ‘दुकान उघडं आहे का’, ‘भाव काय चाललाय’, ‘बसस्टँडपासून किती लांब’, ‘पार्सल पाठवता का’. पंधरा दिवसांनी बघाल तर चार-पाचच प्रश्न फिरून फिरून येतात. तुमच्या मोबाईल साइटचं पहिलं पान म्हणजे त्या चार-पाच प्रश्नांची उत्तरं, बाकी सगळं त्याच्या खाली. ‘आमच्याविषयी’ आणि संस्थापकांचा फोटो शेवटी गेला तरी काही बिघडत नाही.

नांदेडचं एक उदाहरण घेऊ. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याजवळ तुमचं छोटं लॉज आहे. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसने निघालेलं एक कुटुंब गाडीतच खोली शोधतंय. गाडीत नेटवर्क येतं-जातं. फोन एकाच्या हातात, विचारणारे चार जण. त्यांना हवंय काय? आज खोली आहे का, चार माणसांचं भाडं किती, गुरुद्वाऱ्यापासून चालत किती वेळ, गरम पाणी आहे का, आणि फोन लावायचा तर कुठल्या नंबरवर. ही पाच उत्तरं एका पडद्यावर दिसली, तर खोली तुमची भरली. त्याऐवजी साइट उघडताच मोठमोठे फोटो सरकायला लागले, वर ‘सुस्वागतम्’ची हलणारी पट्टी आली आणि फोन नंबर शोधायला तीन वेळा बोट सरकवावं लागलं, तर ते कुटुंब मागे जाऊन दुसऱ्या लॉजवर बोट ठेवतं.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. या गिऱ्हाइकाला मराठी येत नाही. त्याच्यासाठी साइट हिंदी-इंग्रजीत हवी, जमलं तर पंजाबीतही. लातूरच्या क्लासचं याच्या उलट आहे. बीड, परभणी, हिंगोलीच्या गावांतून मुलाला नीटच्या तयारीला पाठवणारे आई-वडील मराठी वाचतात. त्यांना फी, होस्टेल, मेस आणि मागच्या वर्षीचा निकाल मराठीतच समजून घ्यायचा असतो. ‘चांगली साइट इंग्रजीत असते’ हा समज डोक्यातून काढून टाका. भाषा गिऱ्हाइकाची.

वहीतून दुसरी एक गोष्ट कळते: तेच गिऱ्हाईक परत किती वेळा येतं. लॉजचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा आलं तरी पुष्कळ. पुण्याचा मिठाईवाला मात्र भूमच्या खव्यासाठी आठवड्यातून दोनदा फोन करतो. हा फरक नीट लक्षात ठेवा, तिसऱ्या पायरीला तोच निकाल लावतो.

दुसरी पायरी: साइटच्याही आधी दोन फुकटची कामं

पहिलं काम गूगलवर व्यवसायाची नोंद, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. नकाशावर पिन बरोबर दारावर आहे का ते स्वतः उभं राहून तपासा. आपल्याकडे पिन मागच्या गल्लीत किंवा हायवेच्या पलीकडे पडलेली कितीदा दिसते, आणि बाहेरगावचा माणूस मग फिरत राहतो. वेळा, सुट्टीचा वार, फोन नंबर भरा. दुकानाच्या बाहेरचा फोटो टाका, समोरची ओळखीची खूण त्यात येऊ द्या. मराठवाड्यात पत्ता खुणेवरच सापडतो.

नावांची एक अडचण इथं खास आपली आहे. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं अधिकृत झाली, पण शोधणारे कित्येक जण अजून औरंगाबाद, उस्मानाबाद असंच लिहितात. पत्त्यात अधिकृत नाव ठेवा आणि साइटच्या मजकुरात कुठेतरी एकदा जुनं नावही येऊ द्या. तसंच, पुष्कळ लोक मराठी नाव रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात. दुकानाचं आणि गावाचं नाव साइटवर दोन्ही लिपींत असू द्या.

दुसरं काम व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. २०१८ पासून हे अ‍ॅप आहे, छोट्या धंद्याला फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासकट लावता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात. घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर मात्र वेगळा करा. पुढे मुलगा किंवा कामावरचा माणूस उत्तरं द्यायला बसेल तेव्हा याची किंमत कळते.

मग वेबसाइट कशाला, असं कुणीही विचारेल. या दोन्ही जागा भाड्याच्या गाळ्यासारख्या आहेत, मालक नियम बदलू शकतो. गूगलच्याच व्यवसाय नोंदीतून पूर्वी एक फुकटची छोटी वेबसाइट बनत असे. असंख्य दुकानदारांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि फलकावर छापला. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या साइट बंद केल्या. काही महिने ते पत्ते गूगलवरच्या नोंदीकडे वळत होते, मग तेही थांबलं. छापलेला पत्ता वाया गेला. म्हणून या दोन्ही जागा पुरेपूर वापरा, पण फलकावर छापायचा पत्ता आपल्या मालकीचा हवा.

तिसरी पायरी: चार वाटांतून एक निवडा

आता तो प्रश्न. मोबाईलवर गिऱ्हाइकापर्यंत पोचायच्या चार वाटा आहेत.

पहिली वाट रिस्पॉन्सिव्ह वेबसाइट. एकच साइट, एकच पत्ता, पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलते. कॉम्प्युटरवर तीन रकाने शेजारी-शेजारी दिसतात, फोनवर ते एकाखाली एक येतात. वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये या पद्धतीला हे नाव दिलं आणि आज ती सर्वमान्य झाली आहे. मजकूर एकदाच बदलायचा, तो सगळीकडे बदलतो. गूगलचीही शिफारस याच पद्धतीला आहे.

दुसरी वाट मोबाईलसाठी वेगळी साइट, जिच्या पत्त्याच्या आधी ‘एम डॉट’ लागतं. स्मार्टफोन नवे होते तेव्हा मोठ्या कंपन्यांनी ही वाट धरली होती. आज नव्याने ही कुणी धरू नये. दोन साइट म्हणजे दुप्पट काम. एका ठिकाणी भाव बदलला, दुसऱ्या ठिकाणी राहिला, आणि गिऱ्हाईक जुना भाव दाखवून भांडतं.

तिसरी वाट प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप. हिला पीडब्ल्यूए म्हणतात, नाव २०१५ चं आहे. ही असते वेबसाइटच, पण फोनच्या होम स्क्रीनवर तिचं आयकॉन ठेवता येतं, एकदा उघडलेली पानं नेटवर्क नसतानाही दिसू शकतात आणि सूचना पाठवता येतात. प्ले स्टोअरमध्ये जावं लागत नाही. आयफोनवर सूचना पाठवायची सोय २०२३ मध्ये आयओएस १६.४ पासून आली, तीही साइट होम स्क्रीनवर ठेवली असेल तरच. चांगली रिस्पॉन्सिव्ह साइट आधीच असेल तर तिच्यावर पीडब्ल्यूएचा थर नंतर चढवता येतो. म्हणून हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही.

चौथी वाट खरं अ‍ॅप, प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरून उतरवून घ्यायचं. त्याचा खर्च बनवण्यापुरता नसतो. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदा २५ डॉलर, अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. नव्या वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरला अ‍ॅप टाकायचं तर किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. त्यानंतर नव्या अँड्रॉइडशी जुळवून घ्यायचा गूगलचा नियम दरवर्षी पुढे सरकतो. तुम्ही अपडेट केलं नाही तर काही काळाने नव्या फोनवाल्यांना तुमचं अ‍ॅप स्टोअरमध्ये सापडणंच बंद होतं. बनवून देणारा माणूस दोन वर्षांनी फोन उचलेल का, हा प्रश्न करार करण्याआधी विचारा.

आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. स्वस्तातल्या फोनची जागा लग्नाच्या व्हिडिओंनी आणि रोजच्या ‘शुभ सकाळ’ने भरलेली असते. वर्षातून एकदा पैठणी घेणारी बाई तुमचं अ‍ॅप का ठेवेल? मोठ्यांनाही हे जमलं नाही. मे २०१५ मध्ये ऑनलाइन कपडे विकणाऱ्या मिंत्राने वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅपवर विक्री सुरू केली. इतकी जाहिरात, इतका पैसा, तरी २०१६ मध्ये त्यांना वेबसाइट परत आणावी लागली. त्याच २०१५ मध्ये फ्लिपकार्टने ‘फ्लिपकार्ट लाइट’ नावाने पीडब्ल्यूए काढलं, ते कमकुवत नेटवर्कवरच्या फोनसाठीच.

माझं मत स्पष्ट आहे. मराठवाड्यातल्या दहापैकी नऊ छोट्या धंद्यांना रिस्पॉन्सिव्ह साइट, गूगलवरची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅप एवढं पुरतं. तेच गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा तरी परत येत असेल, ऑर्डरची नोंद, उधारीचा हिशेब किंवा मुलाची हजेरी असं रोज बघायचं काही तुमच्याकडे असेल, तर पीडब्ल्यूएचा विचार करा. भूमच्या खवेवाल्याने त्याच्या चाळीस-पन्नास ठोक गिऱ्हाइकांसाठी ऑर्डरचं पान केलं तर ते रोज वापरलं जाईल. अ‍ॅपचा विचार त्याही पुढे, फोनचा असा काही भाग लागणार असेल जो वेबवर नीट चालत नाही, तेव्हाच.

चौथी पायरी: नाव आणि चाव्या स्वतःकडे

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाईल नंबरवर नोंदवा. ‘सर, मी करून देतो’ म्हणणाऱ्याला लॉगिन जरूर द्या, पण खातं त्याच्या नावावर ठेवू नका. डोमेन दुसऱ्याच्या नावावर, तो माणूस गाव सोडून गेला, नूतनीकरणाची तारीख उलटली आणि दहा वर्षं छापलेला पत्ता हातचा गेला, असं आपल्या भागात घडलेलं मी जवळून पाहिलंय. तो पत्ता परत मिळवायला मालकाला काय यातायात पडली, ते आठवलं तरी वाईट वाटतं. होस्टिंग (साइटच्या फाइल जिथं ठेवतात ती भाड्याची जागा), गूगल नोंद, पेमेंटचं खातं, सगळ्याला हाच नियम.

नाव छोटं असू द्या, फोनवर एकदा सांगून कळेल असं. ‘डॉट इन’ आपल्यासाठी चांगलं. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळतं आणि मराठी दुकानाच्या पाटीवर ते शोभतं. तरी मुख्य पत्ता रोमन लिपीतला ठेवा आणि देवनागरी पत्ता त्याच्याकडे वळवा, कारण अनेक फॉर्म आणि ईमेलच्या यंत्रणा देवनागरी पत्ता अजून नीट घेत नाहीत.

पाचवी पायरी: मराठी मजकूर युनिकोडमध्ये

या पायरीवर सगळ्यात जास्त साइट अडखळतात आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

तुमचं माहितीपत्रक, भावपत्रक, लेटरहेड गावातल्या डीटीपीवाल्याने केलेलं असतं. ते बहुतेक वेळा श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतं. त्या फाइलमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त मराठीचं रूप देतो. तोच मजकूर उचलून साइटवर टाकला की तुमच्या ‘हळद’च्या जागी कंस, टिंबं आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरं दिसतात. कुणीतरी मग ‘सोपा उपाय’ म्हणून पूर्ण माहितीपत्रकाचा फोटो काढून तो साइटवर लावतो. फोनवर तो फोटो वाचता येत नाही, बोटांनी मोठा करून इकडेतिकडे सरकवावा लागतो, आणि त्यातल्या अक्षरांवर गूगलमध्ये सापडण्याचा भरवसा धरता येत नाही.

त्यामुळे डीटीपीवाल्याकडून फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी अक्षर मराठीच दिसतं त्या पद्धतीत, बदलून घ्या. कन्व्हर्टर मिळतात. पण बदलल्यावर प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडून बघा. रफार, अर्धा र, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ या जागा हमखास बिघडतात. आकडे तर दोनदा तपासा. मजकूर थोडा असेल तर सरळ फोनच्या मराठी कीबोर्डवर नव्याने टाइप केलेला बरा.

फॉन्ट म्हणून मुक्ता, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. तिन्ही फुकट आहेत, तिन्ही फोनवर स्वच्छ वाचले जातात. मुक्ता आणि बलू मुंबईच्या एक टाइपने केले आहेत. देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे जड असते, म्हणून एकच फॉन्ट घ्या, साधा आणि ठळक अशा दोनच जाडींत. साइट करणाऱ्याला तीन गोष्टी सांगा. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदव, म्हणजे ब्राउझर आणि स्क्रीन वाचून दाखवणारी साधनं चुकणार नाहीत. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, कारण त्याने शिरोरेषा तुटते. इंग्रजी शीर्षकांना ते बरं दिसतं म्हणून आयत्या टेम्पलेटमध्ये ते अंतर बऱ्याचदा आधीच घातलेलं असतं. त्यामुळे मुद्दाम तपासावं लागतं.

सहावी पायरी: साइटचं वजन

पैठणच्या पैठणीविक्रेत्याला फोटो चांगलेच हवेत, पदरावरचा मोर दिसला नाही तर साडी विकत कोण घेईल? पण हल्लीच्या फोनचा एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. पानावर असे दहा टाकले की ४० एमबी. गावाकडे २ एमबीपीएसचा वेग मिळत असेल तर हे पान पूर्ण यायला जवळजवळ १६० सेकंद लागतात. एवढं थांबणारं गिऱ्हाईक नसतं. तेच दहा फोटो फोनच्या रुंदीला बेताचे करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवले तर एकेक १०० केबीत बसतो, पान १ एमबीचं होतं आणि त्याच वेगावर चार सेकंदांत येतं. मोर तसाच दिसतो. मोठा फोटो हवाच असेल तर तो बोट ठेवल्यावर उघडू द्या. खालचे फोटो गिऱ्हाईक तिथवर सरकल्यावरच उतरतील, अशीही सोय करता येते.

गूगलने यासाठी तीन मापं ठरवली आहेत. पानावरचा मुख्य मजकूर किंवा फोटो २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पानाने हालचाल दाखवायला हवी. आणि वाचता वाचता मजकूर खाली-वर उडी मारू नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत हवा. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या फुकट पानावर साइटचा पत्ता टाकला की मोबाईलसाठीचा निकाल समोर येतो. साइट करून देणाऱ्याचा शेवटचा हप्ता या निकालानंतर द्या, आणि हे करारात आधीच लिहा.

गूगल आता साइटचं मोबाईलवरचं रूपच वाचतं. ५ जुलै २०२४ नंतर जी साइट मोबाईलवर उघडतच नाही, ती शोधात येत नाही.

सातवी पायरी: बोट, फॉर्म आणि पैसे

फोन नंबर मजकूर म्हणून लिहू नका. त्याला बोट लावलं की थेट कॉल लागला पाहिजे. शेजारी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, आणि त्यातून ‘मला अमुक मालाचा भाव हवा आहे’ असा मेसेज आधीच लिहून येईल असं करा. ही दोन बटणं पडद्याच्या तळाशी कायम राहू द्या, अंगठा तिथंच असतो. बटण ४८ पिक्सेलपेक्षा लहान नको. शेतात काम करून आलेल्या माणसाची बोटं लक्षात घ्या.

फॉर्म शक्यतो टाळा. लागलाच तर नाव, गाव, मोबाईल. मोबाईलच्या रकान्यात बोट ठेवलं की आकड्यांचाच कीबोर्ड उघडायला हवा. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोन पान आपोआप मोठं करतो आणि माणूस गोंधळतो, तेवढं बघा. जन्मतारीख, आधार असलं काही विनाकारण मागू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी लोकांची माहिती हा त्यांचा विश्वास आहे.

पैशांच्या बाबतीत एक चूक जवळपास प्रत्येक छोट्या साइटवर दिसते: यूपीआयचा क्यूआर कोड. काउंटरवर तो उत्तम. पण साइट बघणाऱ्याचा फोन एकच असतो, त्याच फोनवरचा कोड तो कशाने स्कॅन करणार? स्क्रीनशॉट काढा, मग अ‍ॅपमध्ये जाऊन गॅलरीतून उचला, एवढी खटपट फार थोडे करतात. यूपीआय आयडी द्या, शेजारी ‘कॉपी करा’ बटण द्या. रोज ऑनलाइन ऑर्डर येत असतील तर पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे घेण्याची सेवा घ्या, त्यातून गिऱ्हाइकाचं यूपीआय अ‍ॅप थेट उघडतं. आणि कॅश ऑन डिलिव्हरीचा निर्णय डोळसपणे घ्या, न उचललेलं पार्सल परत यायचा खर्च तुमच्याच माथी बसतो.

साइटवर विक्री करणार असाल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. धंद्याचं पूर्ण नाव, पत्ता, संपर्क, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव, माल परत घेण्याच्या अटी, हे सगळं साइटवर स्पष्ट हवं. मराठीत, साध्या शब्दांत लिहा. दुसऱ्याच्या साइटवरून अटी उचलू नका, त्यांनी कबूल केलेलं तुम्हाला द्यावं लागेल.

आठवी पायरी: खऱ्या फोनवर, खऱ्या जागी तपासणी

साइट करणारा तुम्हाला ती त्याच्या लॅपटॉपवर किंवा महागड्या फोनवर, वायफायवर दाखवेल. तिथं सगळंच छान दिसतं. तुम्ही घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, आणि बाहेर उन्हात जाऊन साइट उघडा. फिकट राखाडी अक्षरं एप्रिलच्या उन्हात वाचता येतात का? मग गावाकडे जाताना एसटीत उघडून बघा. शेवटी तो फोन अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ही साइट कधी पाहिली नाही, आणि फक्त एवढंच सांगा: ‘हळदीचा आजचा भाव विचारायचाय, कसा विचाराल?’ गप्प बसा. मदत करू नका. तो जिथं अडतो ती जागा दुरुस्त करायची. आत्या, मामा, मोंढ्यातला हमाल, दुकानात आलेलं गिऱ्हाईक अशा पाच जणांना दिलं तर मोठमोठे दोष बाहेर येतात.

गूगल सर्च कन्सोलमध्येही साइट जोडून घ्या. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत येतात ते त्यात दिसतं. तुम्ही ‘हरिद्रा उत्पादने’ लिहून बसला असाल आणि लोक ‘वसमत हळद भाव’ शोधत असतील, तर मजकूर कसा बदलायचा ते वेगळं सांगायला नको. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या मानांकनाखाली तुमची नोंदणी झालेली असेल तर ते पहिल्याच पडद्यावर लिहा, बाहेरच्या खरेदीदाराला त्याची किंमत कळते.

नववी पायरी: हंगामाआधी महिनाभर

साइट झाली म्हणजे काम संपत नाही, पण रोज बघायचीही गरज नाही. हंगामाच्या महिनाभर आधी एक दुपार काढा. तुळजापूरच्या लॉजवाल्याने नवरात्राआधी, औंढा नागनाथ किंवा परळीतल्याने महाशिवरात्रीआधी, लातूरच्या क्लासवाल्याने दहावीच्या निकालाआधी, केसर आंबेवाल्याने एप्रिल लागायच्या आत. भाव बदला. मागच्या वर्षीची ऑफर काढा. गूगलवरच्या सुट्टीच्या वेळा भरा. साइटवरच्या प्रत्येक नंबरला स्वतः फोन लावून बघा. डोमेन आणि होस्टिंगच्या तारखा बघा, जवळ असतील तर तेव्हाच भरून टाका. गर्दीच्या आठवड्यात साइटच्या मांडणीला हात लावू नका, नवीन काही करायचं असेल तर ते हंगाम उतरल्यावर.

आणि ती गल्ल्याजवळची वही परत काढा. साइट असूनही लोक अजून फोनवर जे विचारतात, ते साइटवर एकतर नाही किंवा सापडत नाही. आधी तेवढं लिहून टाका.